मदत हवी आहे: अँडीजला मधेच बाक कसा आला?

हिमालय कमानीत का वाकलाय हे ढोबळमानाने समजतं. भारताची प्लेट उत्तरेकडे घुसते आहे, तिचे दोन कोपरे नंगा पर्वत आणि नामचा बरवापाशी आहेत, सिंधू आणि ब्रह्मपुत्रा तिथेच वळसा घालून खाली उतरतात. अँडीजचं मात्र गणित जुळत नाही. चिलीचा किनारा जवळजवळ सरळ उत्तरेला जातो आणि अरिकाजवळ, साधारण १८ अंश दक्षिण अक्षांशावर, एकदम वायव्येला वळतो. डोंगररांगाही तशाच. इथे कुठला खंड येऊन धडकलेला नाही. नाझ्का ही समुद्रतळाची प्लेट, ती बाकाच्या दोन्ही बाजूंना किनाऱ्याखाली सरकते. मग बाक नेमका इथेच का? आणि तो मुळातला की नंतरचा, हे ओळखतात कसं? 'ऑरोक्लाइन' (म्हणजे तयार झाल्यावर नंतर वाकलेली डोंगररांग) ही १९५५ सालची भूशास्त्रज्ञ कॅरी यांची कल्पना, इथवर पोचून अडकलोय. भूगोल बारावीनंतर सुटला, तेव्हा सूत्रं नकोत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
आधी दुसरा प्रश्न घेतो. लाव्हा थिजताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण त्या वेळची उत्तर दिशा धरून बसतात. (दख्खनचा बसाल्ट थिजला तेव्हा आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतो, हे असंच कळलं.) फील्डवर इंचभर जाडीचा गोल नमुना ड्रिलने कापतात, पण उपटण्याआधी त्यावर दिशेची रेघ मारतात. रेघ मारायची राहिली की नमुना फुकट. बाक मूळचा असेल तर दोन्ही बाजूंच्या दगडांतली उत्तर एकाच दिशेला दिसते. रांग नंतर वाकली असेल तर तीही सोबत फिरलेली असते. पेरूत ती घड्याळाच्या उलट फिरलेली सापडते, उत्तर चिलीत घड्याळाच्या दिशेने.

आता कारण. पूर्वेला ब्राझीलचा जुना, टणक खडक. त्याच्याकडे ढकलताना बोलिव्हियाच्या पट्ट्यात पृथ्वीचं कवच सुमारे ३०० किमी आखडलं, उत्तरेला आणि दक्षिणेला बरंच कमी. मधला भाग जास्त आत गेला आणि दोन्ही बाजू बिजागरीवर फिरल्यासारख्या फिरल्या. अल्टिप्लानोचं पठार पसरलंय तेही याच भागात.

मूळ लेखक
हे पटलं, आभार. म्हणजे सगळा बाक आखडण्यातूनच?

प्रतिसाद २
नाही. आखडण्यातून निघतं त्यापेक्षा वळण मोठं आहे. किनारा आधीच थोडा वाकलेला होता, आखडण्याने तो वाढला, असं १९८८ साली भूशास्त्रज्ञ आयझॅक्स यांनी मांडलं. मधलाच पट्टा इतका का दबला, यावर अजून भांडणं आहेत. 'नंतर वाकलेली रांग' याचं चोख उदाहरण हवं असेल तर उत्तर स्पेनमधला कँटाब्रियन बाक वाचा. तिथे रांग जेवढी वळते, जवळपास तेवढीच दगडातली उत्तरही वळते.