ओबामांनी २००८ला उभं राहावं का? सही करू की नको, सल्ला हवाय

शुभदा_इलिनॉय (डिसेंबर २००६)

नमस्कार मंडळी. सिनेटर बराक ओबामांनी २००८ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहावं म्हणून इथे सह्या गोळा करणं चाललंय. मैत्रिणीने एक कागद माझ्याकडेही दिला. चार दिवस तो फ्रिजवर लावलेला आहे. पेन हातात घेते आणि थांबते.

माणूस मला मनापासून आवडतो. २००४ला सिनेटच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मी त्यांच्यासाठी फोन केलेत. नाव सांगितलं की पलीकडून "कोण?", मग स्पेलिंग तीन-तीनदा. तरी सात उमेदवारांत निम्म्याहून जास्त मतं त्यांनाच पडली. पण वॉशिंग्टनला जाऊन अजून दोन वर्षंही पुरी झाली नाहीत. त्याआधी इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये जवळजवळ आठ वर्षं. इराकमध्ये रोज माणसं मरतायत, अशा वेळी एवढ्या अनुभवावर देश हाती द्यावा? नवरा म्हणतो, एक टर्म तरी पुरी करू दे. रोज जेवताना हाच विषय. तुम्हाला काय वाटतं?

अशोककाका

शुभदाताई, थांबलेलं बरं. केनेडींचं आठवा. २० जानेवारी १९६१ला शपथ घेतली आणि तीन महिन्यांच्या आत बे ऑफ पिग्ज, क्युबावरची ती फसलेली स्वारी. योजना आधीच्या सरकारच्या काळात शिजलेली होती. नव्या माणसाला सीआयएच्या जाणत्यांपुढे "नको" म्हणणं जमलं नाही. सुमारे १,४०० निर्वासित क्युबन किनाऱ्यावर उतरवले, शंभरावर मेले, हजाराहून जास्त कैद झाले. राष्ट्राध्यक्ष शिकतो, पण त्याच्या शिकण्याची फी दुसरेच भरतात.

निनाद

काका, केनेडी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, १४ वर्षं होते. सहा वर्षं प्रतिनिधीगृह, आठ वर्षं सिनेट. म्हणजे ओबामांनी आणखी दहा वर्षं काढली तरी या चुकीची खात्री नाहीच. तोच माणूस ऑक्टोबर १९६२ला क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या पेचात सेनापती बाँबफेक करा म्हणत असताना ऐकून घेतो आणि नाकेबंदीवर थांबतो. दीड वर्षात जे शिकला ते त्या खुर्चीत बसूनच शिकला.

आणि अनुभवच हवा तर जेम्स बुकॅनन. सिनेटर, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमध्ये राजदूत. दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटून गेली तेव्हा हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्यामागून आलेल्या लिंकनकडे वॉशिंग्टनचा अनुभव किती? प्रतिनिधीगृहातली एक टर्म, तीही १८४९ला संपलेली.

अशोककाका

लिंकन एखादाच असतो, निनाद. त्याचं उदाहरण देऊन प्रत्येक नवख्याला पुढे ढकलता येईल.

निनाद

बरोबर, हे मान्य. पण लिंकनने केलं काय ते बघा. उमेदवारीसाठी जे त्याच्याविरुद्ध लढले, सीवर्ड, चेस, बेट्स, त्यांनाच मंत्रिमंडळात घेतलं. आपल्याला काय येत नाही हे त्याला कळत होतं. ओबामांबद्दल मला तेवढंच तपासायचंय.

वैदेही_ज

मी जरा वेगळं सांगते. ताई, थांबल्याने काय होतं ते बघा. सिनेटमध्ये राहिलं की मतदानाचा हिशेब वाढत जातो. एकेका विधेयकात दहा गोष्टी कोंबलेल्या, कसंही मत दिलं तरी पुढे जाहिरातीत तेच फेकून मारतात. २००४चे डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी, त्यांचं हेच झालं. ८७ अब्ज डॉलर्सच्या एका तरतुदीवर आधी बाजूने मत, मग विरोधात, आणि तेच त्यांच्या गळ्यात अडकलं. सिनेटमधून थेट राष्ट्राध्यक्ष झालेले आजवर दोनच, १९२०ला हार्डिंग आणि १९६०ला केनेडी.

शिवाय २००८ला दुसरा कुणी डेमोक्रॅट निवडून आला तर २०१२चं दार बंद, थेट २०१६. तोवर लोकांना हाच माणूस हवा असेल? डिसेंबर १९९१ला न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांच्यासाठी ऑल्बनीत विमान तयार उभं होतं, न्यू हँपशायरला जाऊन तिथल्या प्रायमरीचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. ते गेले नाहीत. नंतर ती वेळ परत आलीच नाही. ओबामा हरले तरी सिनेटची जागा जात नाही, मुदत २०११पर्यंत आहे.

धोका म्हणाल तर मला मुलींचा वाटतो. एक आठ वर्षांची, एक पाच. दोन वर्षं बाप घरी दिसणार नाही.

प्रसन्न

इराकचा मुद्दा सगळ्यात मोठा. ऑक्टोबर २००२ला सिनेटमध्ये हिलरी क्लिंटन, बायडन, केरी, एडवर्ड्स, सगळे अनुभवी, सगळ्यांनी युद्धाच्या बाजूने मत दिलं. ओबामा त्याच महिन्यात शिकागोत जाहीर सभेत विरोधात बोलले.

अशोककाका

त्यांना मत द्यायचं नव्हतं, प्रसन्न. राज्याच्या सिनेटमधून बोलणं सोपं असतं.

प्रसन्न

सोपं कसं, काका? तेव्हा वारं युद्धाच्या बाजूने होतं आणि या माणसाला पुढे सिनेट लढवायची होती. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०००ला, प्रतिनिधीगृहाच्या प्रायमरीत सपाटून हरले होते.

शुभदा_इलिनॉय

सगळ्यांचे आभार. काल रात्री काकांचे आणि वैदेहीचे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. मी सही केली. कागदाबरोबर एक चिठ्ठीही जोडलीय: उभे राहिलात तर परराष्ट्र आणि संरक्षण खातं जाणणारी, तुम्हाला तोंडावर "नको" म्हणू शकणारी माणसं आधी गोळा करा, आणि ती कोण हे प्रायमरीच्या आधी आम्हाला सांगा. काका, हे तुमच्यामुळे सुचलं. नवऱ्याने मात्र सही केलेली नाही.