मदत हवी आहे: चौशिंगा आणि मुशी

नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याचे. मुलगी सातवीत आहे, तिला जंगलातला एक आणि समुद्रातला एक प्राणी घेऊन तुलना करायची आहे. तिने सातपुड्यातला चौशिंगा (हरणासारखा प्राणी) आणि कोकण किनाऱ्यावरची मुशी (छोटा शार्क मासा) निवडली.

चार शिंगं फक्त नराला, पुढची जोडी आखूड, एवढं जमलं. पण मुशी अंडी घालत नाही, सरळ पिल्लांना जन्म देते आणि तिच्या पोटातही सस्तन प्राण्यांसारखी वार (आईकडून गर्भाला अन्न पोचवणारा अवयव) असते, हे वाचून आम्ही दोघं थक्कच झालो! मासा असून? तुलनेचा गाभा हाच ठेवावा असं मला वाटतं.

किनाऱ्यावरच्या कोणी मुशीचा स्वतः काढलेला फोटो देईल का? आणि चौशिंग्याला अहिराणीत, पावरीत काय म्हणतात? गुरुवारपर्यंत हवं आहे.