पोर्टेज: वहिवाट, वहनमार्ग की खांदवाट?

उत्तरवारा: ओंटारिओतल्या आमच्या मराठी मंडळींसाठी कनूच्या (वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या होडीच्या) जुन्या मार्गांवर माहितीपत्रक करतोय. दोन तळ्यांमधली किंवा धबधब्याला वळसा घालणारी जी वाट होडी खांद्यावर घेऊन चालायची असते, ती पोर्टेज. इथल्या सार्वजनिक जमीन कायद्याचं ६५वं कलम म्हणतं की पोर्टेज 'होती किंवा आहे' अशी सरकारी जमीन विकली गेली, तरी त्या पाण्यांवरून प्रवास करणाऱ्याला मालकाची परवानगी न घेता, पैसे न देता, सामानासकट तिथून जाता येतं. अडवणं गुन्हा आहे. मी 'वहिवाट' लिहिलं. मंडळातल्या एका काकांनी ते खोडून 'वहनमार्ग' केलं. वहिवाट म्हटलं की कोर्टकचेरी आठवते म्हणाले. काय ठेवू?

मुळाक्षर: वहिवाटच ठेवा. मराठीत पाणीही वाहतं आणि ओझंही आपण वाहतो, धातू एकच. होडीला पाणी वाहून नेतं ते संपलं की माणूस होडी वाहून नेतो. वहनमार्ग हा परिपत्रकातला शब्द आहे, कुणाच्या तोंडी रुळायचा नाही.

सीमाभाग: व्युत्पत्ती गोड आहे, पण वहिवाटीतली 'वाट' रस्त्याचीच हे कशावरून? देवस्थानाची वहिवाट म्हणतो तेव्हा रस्ता कुठे असतो? बडोदे संस्थानात तहसीलदाराला वहिवाटदार म्हणत. कारभार, चालत आलेली रीत हाच अर्थ. मला विचाराल तर सरळ 'खांदवाट' करा.

दिवाणी: काका बरोबर आहेत, पण कारण वेगळं. आपल्याकडे वहिवाट म्हटली की वापर सिद्ध करावा लागतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात हक्क मिळवायला २० वर्षांचा अखंड उपभोग लागतो, आणि सलग २० वर्षं वापर बंद पडला की हक्कही जातो. ओंटारिओच्या कलमात 'होती' हा भूतकाळ आहे, सगळं संरक्षण त्यावर उभं आहे. वहिवाट लिहिलंत तर वाचणारा समजेल, रान माजलं, वाट बुजली, हक्क संपला. उलटा अर्थ जाईल.

पाखाडी: दिवाणी, कागदावर तुमचं खरं असेल. आमच्या घराखालची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, एकाने गडगा घालून बंद केली. मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अडथळ्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो, तो केला. पहिलाच प्रश्न आला, "वहिवाट कधीपासूनची?" वाडीतल्या दोन म्हाताऱ्या साक्षीला उभ्या राहिल्या, कुठल्या पायरीवर माशांची पाटी टेकवायच्या ते सांगितलं, आणि गडगा निघाला. गावातली माणसं वाटेसाठी भांडतात ती याच शब्दाने. तो कोर्टाचा म्हणून टाकून देऊ नका.

उत्तरवारा: पाखाडी, तुमच्या म्हाताऱ्यांसारखंच इथे ओंटारिओतल्या तेमागामीत घडलंय. तिथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक तळी, नद्या आणि हिवाळी वाटांच्या सगळ्या जाळ्याला नस्तावगन म्हणतात, पोर्टेजला ओनिगम. क्रेग मॅकडॉनल्ड यांनी जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारून विचारून या वाटांचा नकाशा काढला. नाहीतर खूण काय, तर झाडावर कुऱ्हाडीची खाच. लाकूडतोड आली की खाचेसकट झाड जातं. चालणाऱ्याची अवस्था बघा: २०-३० किलोची कनू डोक्यावर उलटी, तिचं मधलं लाकडी जू मानेमागे खांद्यांवर, समोरची चार पावलं जमीन तेवढी दिसते. तशात आडवं झाड पडलेलं असलं तर होडी उतरवा, पलीकडे न्या, पुन्हा उचला. दरवर्षी कुणी करवत घेऊन गेलं नाही, तर कलम असून वाट राहत नाही.

पाण्याचंही तेच. कॅनडाचा नौकानयनाच्या पाण्याचा कायदाही १८८२चाच. २०१२मध्ये तो बदलून ३ महासागर, ९७ तळी आणि ६२ नद्या एवढ्यांचीच यादी ठेवली, यादीबाहेरच्या पाण्याचं ते संरक्षण गेलं. २०१९च्या दुरुस्तीत व्याख्या पुन्हा रुंद झाली, हौशी वल्हेकऱ्यांचा आणि मूळ रहिवाशांचा प्रवास तीत आला. म्हणून शब्दावर अडलोय. लोकांना कळलं पाहिजे की ही वाट त्यांची आहे.

मुळाक्षर: मग ओनिगमच ठेवा. ज्यांची वाट त्यांचा शब्द.

दिवाणी: आणि कंसात? पहिल्यांदा वाचणाऱ्याला 'ओनिगम' महामंडळ वाटेल.

सीमाभाग: खांदवाट. कंस लागणार नाही. आणि एवढी चर्चा चाललीय तर 'कनू' तरी कशाला? डोण म्हणा.

पाखाडी: डोण नाही, पगार. एका खोडातून कोरलेली होडी म्हणजे आमच्याकडे पगार.

मुळाक्षर: पण कनू कोरलेली कुठे असते? तिकडची जुनी कनू भूर्जाच्या सालीची, देवदाराच्या बारीक फासळ्यांवर ताणलेली, म्हणून तर उचलून नेता येते. पगार खांद्यावर घेऊन कोण चालेल? सांगाड्यावर साल ताणलेल्या होडीला मराठीत शब्द आहे का?

सीमाभाग: तुंगभद्रेवर हरिगोल असतो. बांबूची टोपली, बाहेरून पूर्वी कातडं. माणूस डोक्यावर उलटा घेऊन काठाने जातो, पण तो गोल.

पाखाडी: गोल असला तरी चालेल. हरिगोल घेऊन ज्या वाटेने जातात, तिला तिकडे काय म्हणतात?