गाडीवर पाठीला लावायची बॅग कशी निवडलीत? (अनुभव धागा)

पावसाळा तोंडावर आलाय आणि दरवर्षी या सुमाराला ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की बाईकवर घालायला बॅग कुठली घेऊ. नुसतं ब्रँडचं नाव सांगून उपयोग होत नाही असं माझं पक्कं मत आहे, कारण दुकानात बॅग आपण उभ्याने लावून बघतो आणि वापरतो मात्र बसून, थोडं पुढे वाकून, डोक्यात हेल्मेट घालून. उभ्याने कमरेला छान बसलेली लांब बॅग सीटवर बसलं की खालून वर ढकलली जाते, तिचा वरचा काठ हेल्मेटला मागून टेकतो आणि मान वर करून सिग्नलसुद्धा नीट बघता येत नाही. उलट बॅग तोकडी असली तर ती सीटला टेकतच नाही, लोंबते, आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका खांद्यांना बसतो. तळ सीटवर अलगद टेकला पाहिजे, पट्ट्यांनी तिला फक्त पाठीशी धरून ठेवायचं.

मी रोज हिंजवडीला बाईकने जातो, लॅपटॉप, डबा, पाणी एवढंच सामान. आत्ताची बॅग घेताना आतमध्ये थोडं वजन भरून, हेल्मेट घालून, दुकानाच्या दारात माझ्याच गाडीवर बसून बघितली, दुकानदाराने आनंदाने बघू दिलं. आणखी एक बघण्यासारखं म्हणजे लॅपटॉपचा कप्पा. त्यात हात घालून तळापर्यंत न्या, कप्पा बॅगेच्या तळाच्या दोन बोटं वर संपत असेल तरच घ्या, कारण सीटवर टेकलेल्या बॅगेचा तळ रस्त्यातला प्रत्येक दणका खातो आणि कप्पा तळापर्यंत असेल तर तो दणका थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला.

तुम्ही कुठे चालवता, काय नेता, काय बघून बॅग घेतली ते लिहा. काही आवडलं असेल तर ब्रँडचं नाव जरूर घ्या, तक्रार असेल तर नाव न घेता नेमकं काय बिघडलं तेवढं लिहा.

फिरतीवर

मी औषध कंपनीचा एमआर आहे, तालुके फिरतो, त्यामुळे दिवसातला बराच वेळ बाईकवर आणि उरलेला डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये. आमच्या लाईनमध्ये पूर्वी एका खांद्यावरची काळी लेदर बॅग ठरलेलीच असायची, व्हिज्युअल एड (डॉक्टरांना दाखवायचं औषधांच्या माहितीचं पुस्तक), सॅम्पल, रिपोर्टची वही सगळं तिच्यात. ती तिरकी घालून टाकीवर ठेवली की यू टर्न घेताना हँडल बॅगेला अडतं, आणि मागे ढकलली तर वळणावर आपोआप पुढे घसरून येते. आता व्हिज्युअल एड टॅबमध्ये आलं म्हणून मी चौकोनी आकाराची, उभी ठेवली तर उभी राहणारी बॅकपॅक घेतली. तिला बाजूला एक मूठ आहे, केबिनमध्ये जाताना हातात धरली की ऑफिसच्या बॅगसारखी दिसते, डॉक्टरांसमोर ट्रेकला निघाल्यासारखं जावं लागत नाही. सॅम्पल मात्र पाठीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवत नाही, अंगाची गरमी लागते. सॅडलबॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या) लावून बघितलेली, पण सायलेन्सरच्या बाजूच्या पिशवीत औषधं ठेवणं मनाला पटलं नाही.

आंबाघाट

शिक्षिका आहे, शाळा डोंगरात, रत्नागिरी जिल्ह्यात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्यामुळे बॅग वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार म्हणाला की मी आधी विचारते म्हणजे नेमकी कशी. रेनकव्हर म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. पाऊस हेल्मेटवरून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरतो आणि जॅकेट नि बॅग यांच्या मधून खाली जातो, तिथे कव्हर नसतंच. ते पाणी बॅगेच्या पाठीकडच्या फोममध्ये मुरतं आणि कव्हरच्या खालच्या खोळीत साठतं, म्हणजे वरून कोरडी बॅग खालून पाण्यात बसलेली. शिवाय वाऱ्याने कव्हर फुगून उडतं, त्याला बॅगेत अडकवायचा हूक नसेल तर ते गेलंच समजा.

माझ्याकडे आता रोलटॉप आहे. तोंडाला चेन नाही, काठ जुळवून, हवा काढून तीन-चार घड्या घालायच्या आणि दोन्हीकडे बकल लावायचं. आतले जोड शिवलेले नाहीत, उष्णतेने चिकटवलेले आहेत, शिलाईच नाही तर सुईची भोकंही नाहीत. उत्तरपत्रिका, हजेरी, मोबाईल सगळं सुकं. त्रास एवढाच की पेन काढायला सगळं उघडावं लागतं, म्हणून सतत लागणाऱ्या वस्तू जॅकेटच्या खिशात.

दुसरं म्हणजे कोटिंग. बऱ्याच बॅगांना आतून पीयूचं (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचं) अस्तर असतं, आपल्या दमट हवेत काही वर्षांनी ते चिकट होतं आणि पापुद्रे सुटतात. बॅग कपाटात ठेवताना पूर्ण वाळवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवा, बुरशीही धरत नाही.

संत्रानगरी

कोकणातल्या ताईंचं पाऊस, आमचं ऊन! नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते आणि आम्ही कामासाठी दुपारी बाईकवर फिरून राहिलो. काळी बॅग घेऊच नका बाप्पा, आतला चार्जर हातात धरवत नाही. मी फिकट राखाडी घेतली, पाठीला जाळी आणि मधून हवा जायला उभी खाच असलेली. ट्रेकिंगच्या बॅगेत वाकवलेली फ्रेम टाकून जाळी पाठीपासून चांगली लांब ठेवतात, ती पण वापरून पाहिली, हवा मस्त लागते पण बॅग मागे जाते अन् वजन मागे ओढते, बाईकवर खाचवालीच बरी.

उन्हाळ्यात दोन लिटरची पाण्याची पिशवीवाली हायड्रेशन बॅग घालतो, थांबल्याशिवाय पाणी पिता येते हे फार मोठं काम आहे. पण नळी उन्हात असते, तिच्यातलं पाणी तोंड भाजेल इतकं तापते. म्हणून घोट घेतला की नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायचं. नळीला कापडाची खोळ असलेली मिळाली तर तीच घ्या.

फिजिओताई

माझ्याकडे बाईकवाले पेशंट नेहमी येतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते. खांद्यावरचा पट्टा अरुंद आणि घट्ट असेल तर तो कॉलरबोनच्या आसपास दाबतो, आणि हाताकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. हाताला मुंग्या येतात, पकड कमी झाल्यासारखी वाटते, लोक म्हणतात हँडलच्या व्हायब्रेशनमुळे झालं. व्हायब्रेशनमुळेही होतं, पण बॅग काढून चार दिवस चालवून बघा, मुंग्या थांबल्या तर पट्ट्याकडे लक्ष द्या. नाही थांबल्या किंवा हातात अशक्तपणा वाटला तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

वजन किती? शाळेच्या दप्तरासाठी २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के अशी मर्यादा आहे. मोठ्यांसाठी असा नियम नाही, पण रोज गाडी चालवणाऱ्याने सुरुवातीला तेच माप धरायला माझी काही हरकत नाही, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७ किलो. लॅपटॉप, चार्जर, भरलेली लिटरची बाटली, डबा हे सगळं बॅगेच्या वजनासकट पाच-सहा किलो सहज होतं, आणि डोक्यावर दीड किलोच्या आसपास हेल्मेट आहेच, मानेला दोन्ही पेलायचं असतं.

छातीचा पट्टा हवाच हवा. तो वरखाली सरकणारा असावा, बायकांसाठी तर नक्कीच, कारण एकाच जागी शिवलेला पट्टा नको तिथे येतो आणि मग तो लावलाच जात नाही. सरकवून कॉलरबोनच्या थोडा खाली घ्या.

रंकाळा

कोल्हापुरातनं लिहितोय. माझं सीट कव्हरचं दुकान आहे, लोकं फाटलेल्या बॅगा घेऊन येतात त्यामुळं बॅग कुठं फाटती ते मला रोज दिसतंय. कापड क्वचित फाटतं बघा, फाटती ती पट्ट्याची मुळं. खांद्याचा पट्टा वर जिथं जोडलाय तिथली शिलाई बघा, चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई असंल तर टिकणार, नुसती एक सरळ टीप असंल तर बाईकवर लई दिवस जाणार न्हाई. मग चेन. लहान दाताची पाच नंबरची चेन भरलेल्या बॅगेला ताण सोसत न्हाई, आठ किंवा दहा नंबरची पायजे. रनर जाम झाला तर ओढाताण करू नका, दातांवर मेणबत्ती घासा.

डेनिअर डेनिअर म्हणून लोकं भुलतात. डेनिअर म्हंजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, एवढंच. जास्त डेनिअरचं साधं पॉलिस्टर आन् कमी डेनिअरचं चांगलं नायलॉन शेजारी ठेवलं तर घासायला नायलॉन जास्त टिकू शकतंय, आकडा मोठा म्हणून माल भारी असं नसतंय. आणि जुनी बॅग चांगली असंल तर छातीचा पट्टा बाहेरून बसवून मिळतो, कुठल्याबी सीट कव्हरवाल्याकडं जावा, नायलॉनची पट्टी आन् बकल लावून देतोय, नवीन बॅग घ्यायची गरज न्हाई.

रात्रपाळी

डिलिव्हरी करतो, मुंबईत. आमची चौकोनी मोठी बॅग पाठीवरच असते. ती नेहमी सीटवर पूर्ण टेकवून, थोडं पुढे सरकून बसायचं, तिला लटकू दिली तर संध्याकाळपर्यंत पाठ राहत नाही. फ्लायओव्हरवर बाजूने वारा आला की ती शिडासारखी धरते, तिथे स्पीड कमीच ठेवतो. आणि लोंबणारे पट्टे! कमरेच्या पट्ट्याचं उरलेलं टोक खाली लोंबत असेल तर ते मागच्या चाकात नाहीतर गाडीच्या चेनमध्ये जाऊ शकतं. मी उरलेला पट्टा गुंडाळून जाड रबर लावतो. ओढणीचं सगळ्यांना माहिती असतं, पट्ट्याचं कोणी सांगत नाही.

मागची सीट

मी चालवते पण आणि मागे पण बसते. नवऱ्याच्या पाठीवर बॅग असली की माझ्यासाठी सीट उरत नाही. मी घातली तर चढावर आणि गाडी एकदम पळवली की वजन मागे खेचतं. त्याने पुढे छातीवर घातली तर हँडल फिरत नाही. आम्ही शेवटी मागच्या सीटवर कोणी असेल तेव्हा पाठीला बॅगच नाही असं ठरवलं, सॅडलबॅग घेतली, सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची ढाल लावून घेतली.

आणि मुलींनो, स्लिंग बॅग खांद्यावर नुसती अडकवून गाडी चालवू नका. बाजूने जाणाऱ्याने हिसकली तर बॅगेबरोबर आपणही खाली. तिरकी घालून वरून जॅकेटची चेन लावा, म्हणजे पट्टाच दिसत नाही. सुटे पैसे आणि आरसी एवढ्यासाठी कमरेचा पाऊच पुरतो.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलींचे पायलट आहेत, दिवसभर लोकांच्या बॅगा वाहतात. मी बॅकपॅक घालून मागे बसायला लागलो की पायलट ती माझ्याकडून घेतो आणि स्वतःच्या पुढे टाकीवर ठेवतो. हळू, जवळच्या अंतराला ते ठीक. लांब जायला नाही.

घाटमाथा

लांबच्या राईड करतो. मागे बरंच आलंय पण एक गोष्ट राहिली, बॅगेत काय ठेवायचं नाही ती. आमच्या ग्रुपमधला एक जण वरंध घाटात बारीक खडीवर घसरून पाठीवर पडला, बॅगेत पाठीच्या बाजूला लोखंडी डिस्क लॉक (चाकाच्या ब्रेक डिस्कला लावायचं कुलूप) होता. जॅकेटमध्ये बॅक प्रोटेक्टर होता म्हणून मुका मार लागण्यावर निभावलं, पण लॉकचा आकार पाठीवर निळा उमटला होता. तेव्हापासून टूल किट, लॉक, ट्रायपॉड, स्टीलची बाटली, सगळं टणक आणि जड सामान टेल बॅगेत, म्हणजे मागच्या सीटवर बांधायच्या बॅगेत, गाडीवर. पाठीवर फक्त मऊ आणि नाजूक. मऊ म्हणजे कपडे, रेनकोट. नाजूक म्हणजे कॅमेरा, कारण अंग व्हायब्रेशन शोषून घेतं, हँडल आणि टाकी घेत नाही. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (चित्र हलू न देणारी यंत्रणा) बिघडू शकतं.

टँक बॅग घेणाऱ्यांनी आधी टाकीला साधं चुंबक लावून बघा, वर प्लास्टिकचं कव्हर असलेल्या टाकीवर चुंबकवाली बॅग बसतच नाही.

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार, त्यात पाऊस. जॅकेटच्या पाठीवरची चमकणारी पट्टी बॅगेखाली झाकली जाते, म्हणून बॅगेवर वेगळी पट्टी हवीच, आणि रेनकव्हर घालणार असाल तर ती कव्हरवर हवी. मी क्रीगाची वापरतो, इथलीच कंपनी आहे. तिचे पट्टे खांद्यावरून छातीच्या मध्यभागी एका बकलवर येतात, वजन खांद्याऐवजी छाती आणि बरगड्यांवर पसरतं. भारतात मागवली तर खूप महाग पडते. पण वियाटेरा, रायनॉक्स या आपल्याकडच्या कंपन्या खास बाईकसाठी बॅगा करतात, पुढच्या सुट्टीत भावासाठी त्या बघणार आहे.

फिरतीवर

घाटमाथा, पडताना फुगणारं एअरबॅगवालं जॅकेट घेतलं तर त्यावर बॅकपॅक चालते का? आमच्यातला एक जण घ्यायचं म्हणतोय.

घाटमाथा

बाहेरून घालायचा एअरबॅग व्हेस्ट असेल तर नको. तो फुगायला जागा लागते, वरून बॅग आवळलेली असली तर नीट फुगणार नाही. जॅकेटच्या आत घालायचा असेल तर बाहेर जॅकेटमध्ये किती जागा सोडलीय त्यावर आहे, त्याच्या माहितीपत्रकात बॅगेबद्दल लिहिलेलं असतं, ते आधी वाचायला सांग. तोपर्यंत टेल बॅग बांधा, ताणणारी बंजी दोरी न वापरता बकलच्या पट्ट्यांनी, आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून एकदा पट्टे परत आवळा, सामान दबून ते सैल होतात.