लाडका खेळाडू क्लब सोडून गेला तो दिवस (अनुभव धागा)

नऊ_नंबर_जर्सी

४ नोव्हेंबर २०२५ ला भाच्यासोबत लिव्हरपूल–रिअल माद्रिद बघत होतो. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना आपल्याला सोडून गेलेला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड बदली म्हणून उतरला, माद्रिदच्या जर्सीत, आणि अख्ख्या अ‍ॅनफिल्डने, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानाने, त्याची हुर्यो उडवली. भाचा उठला आणि टीव्हीकडे पाठ करून बसला. तेरा वर्षांचा आहे. २०१९ मध्ये बार्सिलोनाला ४–० हरवलं त्या रात्री तो माझ्या मांडीवर झोपला होता. माझ्या ओरडण्याने जागा झाला आणि डोळे चोळत त्याने जो पहिला रीप्ले बघितला तो ट्रेंटच्या त्या झटकन घेतलेल्या कॉर्नरचा. तेव्हापासून ६६ नंबर म्हणजे त्याचा जीव की प्राण.

मॅच आपण १–० जिंकलो, पण तो खूश नव्हता. म्हणाला, "मामा, तो सहा वर्षांचा असल्यापासून आपल्याकडे होता ना? मग?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मला थेट ३१ जानेवारी २०११ आठवली. टोरेस. पाच कोटी पौंडांना चेल्सीला गेला. मी तेव्हा कॉलेजात होतो, दर दोन मिनिटांनी पान रिफ्रेश करत होतो. त्याच दिवशी सुआरेझ आला, कॅरोल आला, पण मला कोणीच नको होतं. आणि पुढच्याच रविवारी टोरेसचा चेल्सीसाठी पहिला सामना कोणाशी? आपल्याशीच! तोही आपण १–० जिंकलो, मेरेलेसचा गोल. जिंकल्यावर मला रडू आलं होतं. भाच्याकडे बघताना तेच डोळ्यासमोर आलं.

तर लिहा मंडळी. कोण गेला तेव्हा पोटात खड्डा पडला? कोण यावा म्हणून देव पाण्यात ठेवले? कोणाच्या बाजूने कोणाशी भांडलात? सगळं चालेल.

हाफवे_लाइन

आम्ही आर्सेनलवाले. सांगायला बसलो तर सकाळ होईल. एकच सांगतो.

व्हॅन पर्सी. २०११-१२ ला लीगमध्ये ३० गोल, आमचा कॅप्टन, आणि उन्हाळ्यात थेट मँचेस्टर युनायटेड. पण तो गेला त्या दिवसापेक्षा मला २८ एप्रिल २०१३ जास्त लागला. युनायटेड आधीच चॅम्पियन झालेले, त्यामुळे आमच्या एमिरेट्स मैदानावर आमच्याच पोरांनी दोन रांगा करून टाळ्या वाजवत त्यांना मैदानात घ्यायचं. त्या रांगेतून तो चालत आला. मी टीव्हीचा आवाज बंद केला. वर पेनल्टीवर गोलही त्यानेच मारला, मॅच १–१. ताई कट्टर युनायटेड, शेजारीच बसलेली. एक शब्द बोलली नाही. आत गेली, पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. त्या दिवसासाठी मी तिला कायम मानतो.

बॉक्स_टू_बॉक्स

तुझ्या ताईला सलाम. आमच्याकडे असं कोणी गप्प बसत नाही, फोनवर फोन येतात.

पिवळी_भिंत

आमचा डॉर्टमुंडचा गोट्झे. बाकी काही लिहायलाच नको, पण लिहितो.

२३ एप्रिल २०१३ ला सकाळी बातमी फुटली की बायर्नने रिलीज क्लॉज (करारात लिहिलेली सुटकेची रक्कम) भरला, ३७ मिलियन युरो. दुसऱ्या दिवशी आमची माद्रिदशी चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल! आपल्याच अकादमीत वाढलेला मुलगा, तोही बायर्नला, तोही त्या वेळी. मॅच बघायचीच नाही असं ठरवलं होतं. मग लेवांडोव्स्कीने एकट्याने चार मारले. चार! ४–१. मी एकाच वेळी आनंदाने वेडा आणि रागाने लाल, असं पुन्हा कधी झालं नाही. फायनलला वेम्ब्लीवर समोर बायर्नच, रॉबेनने ८९ व्या मिनिटाला घात केला. आणि पुढच्या वर्षी लेवांडोव्स्कीही तिकडेच, तो तर फुकट, करार संपवून.

२०१६ ला गोट्झे परत आला. लोक शिट्ट्या मारत होते. मला नाही जमलं. घरचं मूल चुकलं तरी दार उघडतोच ना आपण.

मंजू_मिडफिल्ड

दादा, शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले. भांडी घासताना वाचतेय, हात ओले आहेत, टायपो समजून घ्या.

रात्रपाळी

@पिवळी_भिंत रिलीज क्लॉजला क्लबचा दोष नसतो हे मला नेमारच्या वेळी कळलं. २२२ मिलियन युरो भरले की विषय संपला, बार्सिलोनाने नाही म्हणायचा प्रश्नच नाही. स्पेनमध्ये तर करारात असा आकडा घालावाच लागतो. तो आकडा कोणी भरणार नाही असं समजूनच लिहिलेला असतो, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोणीतरी भरला. त्यानंतर सगळ्यांचेच भाव चढले. बार्सिलोनाच्या हातात पैसा आहे हे सगळ्या जगाला माहीत, मग स्वस्तात कोण देणार?

जाऊ दे, राउंडला जायचंय. येऊन बाकीचं लिहितो.

नऊ_नंबर_जर्सी

त्यातलेच पैसे आपल्याकडे आले रे! कुटिन्हो जानेवारी २०१८ ला गेला तेव्हा मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो. त्याच महिन्यात व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात अलिसन. पुढच्या वर्षी ४–० झालं त्या रात्री कुटिन्हो समोरच्या टीममध्ये होता, तासाभरात त्याला बाहेर काढला. तो मान खाली घालून गेला तेव्हा मला आनंद नाही झाला. आपला होता ना तो.

धाकटा_डावखुरा

भांडणाबद्दल लिहितो, कारण आमचं घरच त्यावर चाललं.

दादा रोनाल्डोचा, मी मेस्सीचा. २००९ ला रोनाल्डो माद्रिदला आला आणि दादाने एक दोनशेपानी वही आणली. डावीकडच्या पानावर मेस्सी लाल पेनाने, उजवीकडे रोनाल्डो निळ्याने. तारीख, समोरची टीम, डावा पाय, उजवा पाय, डोकं, पेनल्टी. पेनल्टीवर गोल झाला की आकड्याभोवती गोल काढायचा. त्या गोलांवरून आमची खरी भांडणं व्हायची, कारण माझं म्हणणं पेनल्टी अर्धी मोजायची आणि दादाचं म्हणणं की ती मिळवावीही लागते. २०१२ ला मेस्सीने वर्षभरात ९१ गोल मारले तेव्हा लाल पानं संपली, मी मागच्या कव्हरवर लिहायला लागलो. दादाने माझ्यासाठी दुसरी वही आणली, स्वतःच्या पैशाने.

एप्रिल २०१७ ला माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर शेवटच्या क्षणी ३–२ करून मेस्सीने जर्सी काढून प्रेक्षकांसमोर धरली, बार्सिलोनासाठी त्याचा ५००वा गोल. दादा उठून बाहेर गेला, मग परत आत आला आणि म्हणाला, "लिही. डावा पाय." वर्षभराने ट्यूरिनमध्ये रोनाल्डोने पाठमोरी उडी मारून तो ओव्हरहेड मारला. युव्हेंटसचे लोकच उभे राहून टाळ्या वाजवत होते, मी कोण न वाजवणारा. त्या उन्हाळ्यात तो त्याच युव्हेंटसला गेला आणि दादाने वही बंद केली. म्हणाला, दोघं एका लीगमध्ये नाहीत तर तुलना कसली.

८ ऑगस्ट २०२१. बार्सिलोना सोडताना मेस्सी माइकसमोर रडतोय, बायकोने टिश्यू दिला. दादा तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला. त्याचा फोन आला. मला वाटलं चिडवेल. तो म्हणाला, "बघतोयस ना?" मी हो म्हणालो. मग दोघंही काही बोललो नाही, फोन तसाच चालू. माझ्याकडे टीव्हीचा आवाज, त्याच्याकडेही तोच आवाज, एक सेकंद मागे. पंधरा-वीस मिनिटं तरी असू.

दोन्ही वह्या त्याच्याकडे आहेत.

मंजू_मिडफिल्ड

अरे देवा. आता भांडी राहिली तशीच.

कोपऱ्यातला_झेंडा

वह्यांचे फोटो टाक की! पेनल्टीभोवती गोल काढायची पद्धत आवडली.

माझं मत, रागावू नका: दोघांची तुलना गोलांनी करायलाच नको. मेस्सी मध्ये येऊन खेळ उभा करतो, पास देतो, चेंडू मागून आणतो. रोनाल्डोने माद्रिदमध्ये ४३८ सामन्यांत ४५० गोल मारले ते चेंडू येणार कुठे हे आधी कळल्यामुळे. दोन कामंच वेगळी. वहीत पासचा रकाना होता का?

धाकटा_डावखुरा

होता! २०१४ पासून घातला, पण दादाने मान्य केला नाही. फोटो दिवाळी झाल्यावर टाकतो म्हणाला होता, झाली की दिवाळी, आता मागे लागतो.

शांत_सहा_नंबर

तुम्ही सगळे गोलवाले. मी माकेलेलेवाला, म्हणजे मागे राहून बचाव सांभाळणाऱ्या मिडफिल्डरवाला.

२००३ ला माद्रिदने बेकहॅम आणला आणि माकेलेलेला पगार वाढवून दिला नाही, तो चेल्सीला गेला. पेपरात सगळीकडे बेकहॅम. माद्रिदने नुकतीच लीग जिंकली होती, पुढची जिंकायला २००७ उजाडलं. चेल्सीने २००५ आणि २००६ ला ओळीने दोन मारल्या. माझे बाबा हाफबॅक खेळायचे, ते तेव्हाच म्हणाले होते, "घराचा वासा काढला रे यांनी." मी बेकहॅमच्या पोस्टरखाली बसून त्यांच्याशी वाद घातला होता. बाबा आता नाहीत. कांटे आधी लेस्टरकडून आणि लगेच पुढच्या वर्षी चेल्सीकडून लीग जिंकला तेव्हा फार वाटलं की हे बाबांना दाखवायला हवं होतं.

पिवळी_भिंत

🙏 बाबांना नमस्कार.

रात्रपाळी

आलो परत. मॉड्रिचचं कोणाला आठवतंय का? २०१२ ला टॉटनहॅमहून माद्रिदला आला आणि तिथल्या पेपरच्या वाचकांनी सीझनमधली सगळ्यात वाईट खरेदी म्हणून त्याला मत दिलं. मीही मित्रांत हेच बोललो होतो, की हा काडी पहिलवान टिकणार नाही. २०१४ ची चॅम्पियन्स लीग फायनल, माद्रिद ०–१ मागे, इंज्युरी टाइम चालू, कॉर्नर कोणाचा? मॉड्रिचचा. रामोसचं डोकं. पुढे २०१८ ला मेस्सी-रोनाल्डोची दहा वर्षांची मक्तेदारी मोडून बॅलन डी'ओर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याने नेला, आणि जाताना सहा चॅम्पियन्स लीग. तेव्हापासून नवीन खेळाडूबद्दल पहिल्या वर्षी मी तोंड उघडत नाही.

बॉक्स_टू_बॉक्स

मग लिव्हरपूलच्या नव्या विर्ट्झबद्दल पण सहा महिने गप्प बसा सगळे, प्लीज. आला तेव्हा बावीस वर्षांचा होता.

आणि क्रिस्टल पॅलेसचा डिफेंडर गेही यायलाच हवा होता. १ सप्टेंबर २०२५ ला शेवटच्या काही तासांत फिसकटलं ते अजून पचलेलं नाही. इसाक आला त्याचा आनंदही धड करता आला नाही. १२५ मिलियन पौंड स्ट्रायकरवर आणि मागे व्हॅन डाइकच्या जोडीला माणूस नव्हता!

हाफवे_लाइन

पॅलेस तरी का सोडेल? कॅप्टन होता त्यांचा. एफए कप उचलला होता त्याने.

बॉक्स_टू_बॉक्स

करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपत होता ना. आधी विकला तर पैसे, नाहीतर शून्य.

गोलकीपरची_आई

इथे बायकांच्या फुटबॉलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी गोलकीपर आहे, शाळेच्या टीममध्ये. ती आयताना बोनमतीवाली, मी अलेक्सिया पुतेयासवाली. आमच्या घरी सोयीचं भांडण आहे, दोघी बार्सिलोनाच्या आणि २०२१ ते २०२५ चे पाचही बॅलन डी'ओर तिथेच, २०२१ आणि २०२२ चे अलेक्सिया, पुढचे तीन आयताना. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने डिफेंडर नेओमी गिर्माला दहा लाख डॉलरच्या वर देऊन घेतलं तेव्हा मुलीने विचारलं, "आई, डिफेंडरला एवढे? मग गोलकीपरला किती?" मी म्हटलं तू आधी उंच चेंडूला पुढे यायला शीक. त्या दिवसापासून येते, खरंच.

मंजू_मिडफिल्ड

@गोलकीपरची_आई ताई, ग्लोव्ह्ज कुठल्या मापाचे घेता? माझी भाची दहाची आहे, सगळे मोठेच होतात.

गोलकीपरची_आई

बोटाच्या टोकाला अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळं राहिलं की बास. त्याहून मोठे घेऊ नका, चेंडू निसटतो. 'वाढत्या अंगाचे' म्हणून तर अजिबात नको.

कोपऱ्यातला_झेंडा

गोलकीपरचा विषय निघालाच आहे तर युनायटेडचा डे गेआ! ३१ ऑगस्ट २०१५. माद्रिदशी सगळं ठरलेलं, माद्रिदचा गोलकीपर नवास उलटा मँचेस्टरला जाणार, आणि कागद वेळेत पोचलेच नाहीत. मी युनायटेडवाला, त्या रात्री इतका आनंद झाला की काय सांगू. पण आता विचार केला की नवासचं वाटतं. बॅग भरून तयार असलेल्या माणसाला म्हणायचं, राहा इथेच. तो राहिला आणि पुढच्या तिन्ही चॅम्पियन्स लीग जिंकला, २०१६, १७, १८.

नऊ_नंबर_जर्सी

आज भाच्याला धागा वाचून दाखवला. गोट्झेपाशी गप्प झाला, वह्यांपाशी म्हणाला मामा आपण पण करूया. मी म्हटलं कोणाची? विचार करून म्हणाला, "एका पानावर सालाह. दुसरं रिकामं ठेव, अजून ठरलं नाही."

मग नवासपाशी अडकला. त्याला जाणून घ्यायचंय की कागद नेमके कोणाकडून उशिरा गेले.

कोपऱ्यातला_झेंडा

दोन्ही क्लब अजूनही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याला सांग, माद्रिदवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी लांबलचक पत्रक काढून दोष आमच्यावर टाकला, आणि आमच्यांनी वेळेसकट उत्तर दिलं. मी दोन्ही वाचली होती, शोधून उद्या इथे टाकतो.