परसातल्या कोंबड्या, शेजारी आणि एचओए : आपले अनुभव

2022 पासून पसरलेल्या बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत मार्च 2025 मध्ये एक डझन अंड्यांचा सरासरी भाव 6.23 डॉलरपर्यंत चढला, आणि परसात चार कोंबड्या पाळाव्यात असे मनात घेणाऱ्यांची संख्या आपल्या मंडळींतही वाढली. बहुतेकांचे घोडे अडते ते घर घेताना सही केलेल्या नियमावलीपाशी. शहराचा नियम आणि एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचा, करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्क शहरात कोंबड्या चालतात, फक्त कोंबडा चालत नाही. सिॲटलने 2010 मध्ये दर घरामागे तीनऐवजी आठ पक्ष्यांची मुभा दिली. तरीही अशा शहरातल्या एखाद्या वसाहतीच्या करारात मनाई असेल तर तिथल्या रहिवाशाला शहराच्या मुभेचा उपयोग नाही, कारण दोहोंपैकी जो नियम अधिक कडक तोच पाळावा लागतो. आपल्या करारात नेमके कोणते कलम आडवे आले, शेजाऱ्यांशी बोलणे कसे झाले आणि शेवटी काय टिकले, ते कृपया सविस्तर लिहावे. अंडी स्वस्त पडतात का, हा वाद इथे नको. खुराड्याचा खर्च धरला तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते.

नॉर्थ कॅरोलायना

आमच्या करारात ‘कोणतेही पशुधन अथवा पोल्ट्री पाळता येणार नाही, कुत्री, मांजरे व इतर घरगुती पाळीव प्राणी चालतील’ असे कलम होते. अशी वाक्यरचना पुष्कळ वसाहतींत सापडते. कोंबडी ‘घरगुती पाळीव प्राणी’ ठरते, असा युक्तिवाद काही जण करतात. परंतु पोल्ट्री हा शब्द आधीच्याच ओळीत स्पष्ट लिहिलेला असताना तो टिकत नाही, हे वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितले. म्हणून आम्ही कलम बदलण्याचा मार्ग धरला. त्यासाठी एकूण घरमालकांपैकी 67 टक्क्यांची लेखी संमती लागणार होती, आणि खरी मेख याच ‘एकूण’मध्ये होती. विरोध करणारे थोडेच होते, पण घर भाड्याने देऊन दुसऱ्या राज्यात राहणारे मालक पत्राला उत्तरच देत नाहीत आणि त्यांचे मौन विरोधाच्या पारड्यात पडते. त्यांचे पत्ते काउंटीच्या मालमत्ता-नोंदीत मिळतात. तिथून ते काढून प्रत्येकाला टपाल-तिकीट लावलेल्या परतीच्या पाकिटासह अर्ज पाठवला, तेव्हा कुठे आकडा पुरा झाला. मंजूर झालेला मसुदा मुद्दाम कडक ठेवला होता : दर घरामागे चार माद्या, नर नाही, अंड्यांची विक्री नाही, आणि रस्त्यावरून दिसणार नाही असे खुराडे. ‘विक्री नाही’ या दोन शब्दांनी जेवढी मते मिळवून दिली तेवढी आमच्या चार पानी निवेदनाने दिली नाहीत.

ओहायो

आमच्याकडे करारात मनाई नव्हती. प्रश्न आरवण्याचा होता. हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लांची नर-मादी निवड करतात, पण ती शंभर टक्के अचूक कधीच नसते, आणि ‘सगळ्या माद्या’ म्हणून आणलेल्या पिल्लांत एखादा नर निघतोच. दीड महिन्याच्या सुमारास एका पिल्लाचा तुरा इतरांपेक्षा लाल आणि जाड दिसू लागला, पुढे शेपटीच्या बुडाशी टोकदार, लांबट पिसे आली, आणि एके दिवशी पहाटे घसा बसल्यासारखा अर्धवट आवाज ऐकू आला. शेजारच्या बाईंनी तक्रार करण्याआधीच आम्ही त्यांच्या कानावर घातले की हा नर आहे आणि शेतावर जागा मिळताच त्याला तिकडे पाठवू. पुढच्या वेळी आम्ही रेड स्टार या संकरित जातीची पिल्ले घेतली. त्यात जन्मतःच नर आणि मादी वेगळ्या रंगाचे असतात, त्यामुळे अंदाजाचा प्रश्न उरत नाही. अंडे घातल्यावर माद्या कलकल करतात हे खरे, पण तो आवाज माणसांच्या बोलण्याहून फार मोठा नसतो आणि रात्री तर त्या मुळीच ओरडत नाहीत.

टेक्सास, मंडळावर बसणाऱ्याच्या बाजूने

या विषयावर एचओएच्या मंडळाला खलनायक ठरवण्याची पद्धत आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आम्हाला कोंबड्यांचे वावडे नाही. मात्र एका घराकडे वर्षानुवर्षे काणाडोळा केला आणि दुसऱ्याला दंड लावला, तर तो दुसरा रहिवासी ‘नियम सर्वांना सारखा लावला नाही’ असा बचाव न्यायालयात मांडू शकतो, आणि मग कुंपणापासून रंगापर्यंतचे बाकीचे नियमही डळमळतात. त्यामुळे तक्रार लेखी आली की आम्हाला आधी सूचनापत्र, मग सुनावणी, मग दंड या पायऱ्या चढाव्याच लागतात. तक्रारी कोंबड्यांच्या आवाजाच्या क्वचित असतात. त्या असतात कुंपणाला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या खुराड्याच्या, माश्यांच्या आणि उंदरांच्या. शिवाय खुराडे हे बांधकाम आहे हे लोक विसरतात : पक्ष्यांना परवानगी असली तरी आराखडा समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि आमच्याकडे निम्मी प्रकरणे त्याच अर्जावर अडलेली आहेत. अर्जासोबत मोजमापांचा नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची सही असेल, तर सदस्यांना नाही म्हणायला कारण उरत नाही.

कॅलिफोर्निया

‘भावनिक आधाराचा प्राणी’ म्हणून डॉक्टरची वा समुपदेशकाची चिठ्ठी आणली की मनाई असूनही कोंबडी ठेवता येते, असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने 2020 मध्ये काढलेल्या सूचनेत कुत्री, मांजरे, छोटे पक्षी, ससे यांना घरगुती प्राणी मानले होते. गोठ्या-खुराड्यातल्या जनावरांना नाही, आणि त्यांच्यासाठी गरज सिद्ध करण्याचा मोठा भार अर्जदारावर टाकला होता. ज्यांना खरी गरज आहे त्यांचा मार्ग अशा सबबींनी अधिक अवघड होतो, हे मला व्यक्तिशः जास्त खटकते.

मेरीलँड

शेजाऱ्यांची तक्रार उंदरांबद्दल होती आणि ती खरी होती. उंदीर कोंबड्यांसाठी येत नाहीत, दाण्यासाठी येतात. तेव्हापासून दाण्याचे पोते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असते, भांडी संध्याकाळी आत घेतली जातात आणि खुराड्याला सर्व बाजूंनी, जमिनीखालीसुद्धा, अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी आहे. षटकोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण रॅकून या शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही. तो छिद्रातून पंजा घालून पक्ष्याला ओढतो. वासाचे म्हणाल तर तो ओलाव्याचा असतो : विष्ठा भिजली की अमोनिया सुटतो. खुराड्यात दर कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीत दहा चौरस फूट जागा, वर गळणार नाही असे छप्पर आणि खाली कोरडा लाकडाचा भुसा एवढे असेल तर कुंपणापलीकडे वास जात नाही. विष्ठा ताजी असताना झाडांना घालू नये, मुळे करपतात. काही महिने कुजवून मगच वापरावी.

कोलोरॅडो

आम्ही शेवटी कोटर्निक्स जातीच्या लाव्यांकडे वळलो. त्या सहा ते आठ आठवड्यांत अंडी देऊ लागतात, ससे ठेवतात तशा पिंजऱ्यात राहतात, आणि नराचा आवाज कोंबड्याच्या मानाने बराच हळू असतो. मात्र लावी ‘पोल्ट्री’त मोडते की नाही, हे आपल्या कराराची व्याख्या वाचूनच ठरवावे. आमच्या मंडळाने त्यांना छोट्या पक्ष्यांत धरले. चार-पाच अंडी फोडली तेव्हा एका कोंबडीच्या अंड्याचे काम होते, एवढी तडजोड मात्र करावी लागते.

व्हर्जिनिया, कुंपणापलीकडून

मी कोंबड्या पाळत नाही, शेजारी पाळतात. त्यांनी पिल्ले आणण्याआधी घरी येऊन खुराडे कुठे बसेल ते दाखवले, म्हणून मी सहीसाठी दोनच अटी घातल्या. खुराडे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडून उलट्या बाजूला असावे, आणि सफाई आमच्याकडे पाहुणे बाहेर अंगणात जेवत असतील त्या वेळी करू नये. दोन्ही अटी त्यांनी अर्जातच लिहून दिल्या, आणि समितीने त्या जशाच्या तशा परवानगीपत्रात घातल्या. आता घर विकले गेले तरी नव्या मालकाला त्याच अटींवर कोंबड्या ठेवता येतील का, हे पत्रात लिहिलेले नाही. ते लिहून घ्यावे यासाठी आम्ही दोघांनी मिळून मंडळाला अर्ज दिला आहे.