गावच्या घराचं छप्पर, मिरगाच्या आधी

10 मे, कुटुंबाचा ग्रुप

ताई (गुहागर): नव्या घराच्या जोत्यावर सात थर झाले, फोटो टाकलेत. चिरा (जांभा दगड) खाणीतून आला तेव्हा इतका ओला होता की कोयतीच्या टोकाने ओरखडा उठत होता. गवंडी लगेच बसवायला निघाले होते, मी थांबवलं. महिनाभर अंगणात रचून वारा-ऊन खाऊ दिलं. आता छिन्नी घसरते त्याच्यावर. बाहेरून गिलावा नाही करणार, चिऱ्यांमधले नुसते दर्जे (सांधे) भरणार.

माई (मालवण): सुंदर दिसतंय गं. खिडक्यांवर छज्जा किती काढलायस?

ताई: दीड फूट.

माई: पश्चिमेला तरी अडीच कर. समुद्राकडची झड आडवी येते. आमच्या दीड फुटाच्या छज्ज्याखाली चौकटी फुगल्या, तीन वर्षांत बदलाव्या लागल्या. आणि बिजागऱ्या, स्क्रू घेताना 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागून घे. 304 ग्रेडचे आमचे दोन पावसांत तांबडे पडले.

ताई: बरं झालं आज सांगितलंस, खिडक्यांचा थर परवा आहे.

बाळू (चिपळूण): आमचं काम संपलं एकदाचं. 22 जुलै 2021 ला पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे भिंतीवर रेघ मारून ठेवली होती. सगळे बोर्ड त्या रेघेच्या हातभर वर घेतले. वायरिंग छतातून खाली उतरवलंय, आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं केलंय. खाली पाणी शिरलं तर तेवढंच बंद करायचं, वर दिवे राहतील. त्या रात्री अंधारात आईला जिन्यावरून वर नेलं होतं. ते पुन्हा नको.

माई: देवा. तेव्हा दोन दिवस तुमचे फोन लागत नव्हते.

दादा (ठाणे): बाळू, मन लावून केलंस सगळं. काका, आता गावच्या घराचंही ठरवूया. मी एका काँट्रॅक्टरशी बोललोय. छप्पर उतरवायचं आणि स्लॅब टाकायचा, 25 मेपर्यंत होईल म्हणतो. दरवर्षीची शाकारणी, वांदरांनी फोडलेली कौलं, आणि तुम्ही 74 व्या वर्षी शिडीवर चढता. मला इथे खरंच झोप लागत नाही.

भाऊकाका (आंजर्ले): तुझी काळजी कळते रे. पण स्लॅबचं नाव काढायच्या आधी मागच्या पडवीचा फोटो बघ. आज सकाळी हंड्यावर खपली पडली. पोरांपैकी कुणी खाली नव्हतं म्हणून बरं. वर बघितलं तर सळई उघडी. बोटाने सोलली तर पापुद्रे निघाले, पापडासारखे. आत सळई पेन्सिलीएवढी उरलीय. 1996 ला घातलेला स्लॅब आहे हा. त्याच्या शेजारी माजघरावरचं आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) आजोबांच्याही आधीचं, आणि ते तसंच आहे.

बाळू: दादा, हे होणारच होतं. तेव्हा खाडीची रेती न धुता वापरली होती, मला आठवतंय. रेतीतलं मीठ काँक्रीटच्या आत बसतं आणि सळई आतून खातं. वरून खारा वारा. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट ढकलते, खपल्या पडतात. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला एम30 ही ताकद आणि सळईवर 45 मिलीमीटर कव्हर (काँक्रीटचा थर) सांगितलंय. तुझ्या काँट्रॅक्टरला विचार, तो किती धरतो. आपल्याकडे सळईखाली सर्रास 20 मिलीमीटरचेच ठोकळे लावतात.

दादा: ते आपण लिहून घेऊ. चांगला स्लॅब झाला तर?

बाळू: दोन अडचणी तरीही राहतात. माजघराच्या भिंती मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या आहेत, त्यांना स्लॅबचं वजन द्यायचं तर आतून कॉलम उभे करावे लागतील, म्हणजे घर अर्धं पाडणं आलं. दुसरं पाणी. 25 तारखेला स्लॅब पडला तर पुढचे दहा-चौदा दिवस वाफे करून पाणी भरून ठेवायचं. मे अखेरीला विहीर मचूळ होते. तेच पाणी घातलंस तर मीठ पुन्हा आत. आणि एवढ्यात वळीव आला, तर छप्पर उतरवलेल्या घरात काका-काकू राहणार कुठे?

दादा: हे मी धरलंच नव्हतं.

ताई: दादा, मी नवीन बांधतेय तरी वर कौलंच घालतेय. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे. उतरतं छप्पर पाणी थांबूच देत नाही. ठाण्याच्या इमारतीचा हिशोब इथे लागत नाही.

दादा: पण निसर्ग वादळात आपली कौलं उडालीच ना? 3 जून 2020. काकूंनी देवघरात बसून फोन केला होता, मागे आवाज ऐकू येत होता. तो आवाज माझ्या कानात आहे अजून.

भाऊकाका: उडाली. कुठली उडाली ते सांगतो. पश्चिमेच्या पडवीच्या कडेच्या तीन ओळी आणि आढ्यावरचे कोने (माथ्याची कौलं). माजघरावरचं एक कौल हललं नाही. शेजारच्या वाडीत पत्र्याचं छप्पर पाइपासकट उचललं गेलं आणि माडावर जाऊन आदळलं. आपण कडेला तार बांधलीच नव्हती. कौलाच्या पाठीला भोक असतं ते त्यासाठीच. यंदा कडेच्या ओळी स्टीलच्या तारेने रिपांना (कौलांखालच्या पट्ट्यांना) बांधून घेतो, लोखंडी तार दोन वर्षं टिकत नाही.

सुताराला घेऊन काल माळ्यावर चढलो होतो. प्रत्येक वाशाला पेचकस टोचून बघितला. भिंतीत जिथे टोक बसतं तिथे हातभर लाकूड भुसा झालंय, ओल आणि वाळवी दोन्ही. त्याच्या पुढे पेचकस शिरतच नाही. चौदा वासे आहेत, त्यातले पाच बदलायचे, चारांना सांधा. आढं फणसाचं, त्याला काही झालेलं नाही. रिपा मात्र सगळ्या नव्या. हे काम दोन दिवसांत एक बाजू असं होतं, घर उघडं राहत नाही.

माई: टोकं भिंतीत पुन्हा गाडू नका काका. खाली दगडाची चीप ठेवा, बाजूने वारा जायला बोटभर फट सोडा. आमच्या सुताराने तसं केलंय.

भाऊकाका: हे सांगतो त्याला.

दादा: ठीक. स्लॅब नको. सुतार, गवंडी आणि वर चढणाऱ्या दोघा गड्यांचा खर्च माझ्याकडे. मागच्या पडवीचा स्लॅब मात्र या आठवड्यात उतरवा, त्याखाली कुणी उभं राहायचं नाही. आणि काका, शिडीवर तुम्ही नाही. हे कबूल करा.

भाऊकाका: कबूल. काकू शेजारी बसलीय, तिनेही वाचलं.

ताई: 17 पासून अधिक महिना आहे, दुरुस्तीला चालेल ना?

भाऊकाका: दुरुस्तीला काय मुहूर्त. तुझी वास्तुशांत श्रावणात बघू, गणपती 14 सप्टेंबरला आहेत. आता अडलंय कौलांवर. दोनशे तरी लागतील, आणि नवीन कारखान्याची कौलं आपल्या खाचेत बसत नाहीत. दोन छापांची मिसळली की मधून गळतं.

ताई: इथे वरच्या आळीत एक जुनं घर उतरवतायत, कौलं विकायला काढलीत. आपल्या कौलावर छाप कुठला आहे?

भाऊकाका: पाठ धुवून फोटो टाकतो.

ताई: टाका. सारखा वाटला तरी एक प्रत्यक्ष लावून बघायला हवं. उद्या सकाळी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरते, दोन कौलं पिशवीत घेऊन येते. सुताराला अकरापर्यंत थांबवून ठेवा.